विकतची शाल

हाड जुळलं, हात मात्र जुळला नाही. डॉक्टरांनी प्लॅस्टर कापलं, माझं डावं मनगट वर-खाली करून पाहिलं आणि एक्स-रे उजेडासमोर धरून मला दाखवला. "बघा, किती सुंदर जुळलंय!" मला त्यात एक पांढरी काठी दिसली. मी म्हटलं, "ते छानच आहे, पण मला विणता कधीपासून येईल?" ते हसले. "आता या वयात विणकाम कशाला? पुष्कळ केलंत. आराम करा." त्यांच्या टेबलावर काचेचा चांगला जडशीळ पेपरवेट होता आणि माझा उजवा हात धडधाकट होता. पण हे शेजारी बसले होते, म्हणून मी गप्प राहिले.

हे म्हणजे आमचे हे. जन्मभर घड्याळं दुरुस्त केली, त्यामुळे स्वभाव शांत, आणि कुठल्याही गोष्टीला त्यांची घाई नाही. मी पडले ती स्टुलावरून, कपाटावरची लोकरीची पेटी काढताना. पडल्या पडल्या मी ओरडले ते हाताच्या नावाने नव्हे. "आधी लोकर उचला, फरशी ओली आहे!" ही गोष्ट ह्यांनी भेटायला आलेल्या प्रत्येकाला सांगितली. "पडली तरी नाक वर," म्हणायचे आणि स्वतःच हसायचे. हसोत बापडे. लोकर ओली झाली नाही, हे कुणी लक्षातच घेतलं नाही.

तेव्हा सुयांवर खारूची शाल होती. खारू म्हणजे आमची लेक. लहानपणी माझे लोकरीचे गुंडे पळवून पलंगाखाली साठा करायची, तेव्हापासून हे नाव पडलं. आता ती इमारतींचे आराखडे काढते, नोकरीच्या जवळ खोली घेऊन राहते आणि रविवारी घरी येते. या मुलीने माझ्या हातचं लोकरीचं काही मागून घेतलंय, असं कधी घडलं नव्हतं. शाळेत जाताना मी विणलेली टोपी कोपऱ्यावर वळली की दप्तरात कोंबायची. स्वेटर टोचतो म्हणून अंग खाजवत बसायची. आणि मग एका रविवारी जेवताना खाली मान घालून म्हणाली, "आई, मला एक शाल विणून देशील? ऑफिसात एसीची झडप बरोबर माझ्या डोक्यावर आहे. खांदे आखडतात गं."

मी ताटावरून उठले, हात धुतले आणि लोकर बघायला गेले. हे म्हणाले, "अगं, निदान तिचं जेवण तरी होऊ दे." त्यांना काय कळणार? ज्या मुलीने वीस-पंचवीस वर्षं नाक मुरडलं, तिने आज तोंडाने मागितलं होतं. राखाडी झाक असलेली निळी लोकर आणली, मऊ, गालाला लावली तरी न टोचणारी. शाल अर्ध्यावर आली आणि मी स्टुलावर चढले.

विणण्याचं सुख सांगून कळत नाही म्हणतात, पण मी सांगणारच. मी टेलिफोन ऑपरेटर होते. कानाला हेडफोन, समोर लुकलुकणारे दिवे, आणि टेबलाआड मांडीवर विणकाम. दिवसभर याचं बोलणं त्याला जोडून द्यायचं आणि आपण मधून बाजूला व्हायचं. संध्याकाळी हातात काय? काही नाही. लोक बोलले आणि संपलं. पण मांडीवरचा मफलर वीतभर वाढलेला असायचा, आणि ती वीत खरी होती, हाताला लागायची. लोकर तर्जनीवरून सरकत जाते, सुया एकमेकींना टकटक करत राहतात, सुलट ओळ संपते, काम वळवायचं, उलट ओळ सुरू. सुपरवायझरबाई मागून येताना दिसल्या तरी हात थांबत नसत, नुसते टेबलाखाली आणखी आत जात. किती भांडणं, किती पेच त्या टकटकीत विरून गेले. राग आला की माझी वीण घट्ट होते, मन निवलं की सैल. माझे जुने स्वेटर काढून दाखवले तर कुठल्या ओळीला सासूबाई मुक्कामाला आल्या होत्या, हे मी बोट ठेवून सांगू शकते.

तर प्लॅस्टर निघालं त्याच संध्याकाळी मी सुया हातात घेतल्या. दोन सुयांच्या विणकामात नाचतो तो उजवा हात. डाव्या हाताचं काम एकच, धरून ठेवणं. सगळे टाके, सगळ्या शालीचं वजन त्या डाव्या सुईवर लोंबत असतं. माझी बोटं सुईभोवती मिटतच नव्हती. अंगठा एकीकडे, करंगळी दुसरीकडे, आणि मधली तिघं पाहुण्यांसारखी नुसती बसून. चार टाके झाले, मनगटातून कळ गेली, सुई निसटली आणि टोकाचे टाके भराभरा गळाले. मी दातओठ खात ते परत सुईवर चढवले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी ह्यांनी डावी सुई धरायला हात पुढे केला. थर्मामीटर धरावा तशी दोन बोटांत धरली आणि मला विचारलं, "आता काय करू?" मी म्हटलं, "काही करू नका, नुसती धरा." त्यांना शिंक आली.

मग मात्र मी रडले. दुखत होतं म्हणून नव्हे. ज्या दिवशी सुया खाली ठेवाव्या लागतील त्या दिवशी मी म्हातारी झाले, असं मी कित्येक वर्षं धरून चालले होते. तो दिवस असा एका स्टुलाच्या नादाने येईल, हे मला मान्य नव्हतं.

त्या रविवारी खारूने माझे डोळे पाहिले, मनगटाची सूज पाहिली, गादीवर पडलेल्या सुया पाहिल्या. म्हणाली, "आई, सोड ते आता. मी शाल विकत घेतली."

"कधी?"

"घेतली गं मागच्या आठवड्यात."

"कसली आहे? रंग कुठला?"

ती जरा थांबली. "तपकिरी."

तपकिरी! या मुलीला जन्मात तपकिरी रंग शोभला नाही. सावळ्या रंगावर निळा कसा खुलतो हे मी तिला पाळण्यात असल्यापासून जाणून आहे, आणि ही बाई दुकानात जाऊन तपकिरी शाल घेऊन आली. मी म्हटलं, "पुढच्या वेळी घेऊन ये, बघू दे मला." "ऑफिसातच असते ती," ती म्हणाली, "खुर्चीच्या पाठीवर." आणि विषय बदलून ह्यांच्याशी घड्याळाबद्दल बोलायला लागली.

त्या न पाहिलेल्या शालीने माझी झोप उडवली. यंत्रावर विणलेली, कडेला स्वस्तातले गोंडे, धुतली की अंग टाकणारी. माझ्या लेकीच्या खांद्यावर ती तपकिरी सवत दिवसभर पसरलेली असणार आणि माझी निळी इथे सुईवर अर्धी लटकलेली. मी ठरवलं. ही शाल पूर्ण होणार, तिच्या खांद्यावर जाणार आणि ती तपकिरी खुर्चीवरून उतरणार. कशी, ते तेवढं ठरायचं होतं.

अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात. माझ्या बाबतीत ते पाय खालच्या मजल्यावर राहत होते. वन्सं, म्हणजे ह्यांची थोरली बहीण. सारी हयात इस्पितळात मेट्रन होत्या आणि निवृत्त झाल्यावरही ते कुणी त्यांना सांगितलेलं नाही. वन्सं क्रोशावाल्या. एक आकडीची सुई आणि तिच्यावर जगाला झालर. त्यांच्या घरी टीव्हीला रुमाल, फ्रिजला रुमाल, पाण्याच्या तांब्याला मण्यांची जाळी. मी नेहमी म्हणायची, वन्संकडे फार वेळ एका जागी उभं राहू नये, माणसालाही कड विणून टाकतील. त्या मला सुईबाई म्हणत. "दोन-दोन सुया लागतात गं तुला. आमचं एकीवर भागतं." लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून आमचं हे युद्ध चालू होतं, आणि दोघींनाही त्यात फार मजा वाटत होती.

मी दारात उभी राहिले तशा त्या म्हणाल्या, "कशाला आलीस ते माहीत आहे मला. बस. आधी मूठ आवळ."

"मी मूठ आवळायला नाही आले, वन्सं."

"मग दाखवायला आलीस? आवळ म्हणते ना."

मी आवळली. बोटं निम्म्यात अडकली. त्यांनी चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही, इतकी वर्षं मेट्रन होत्या त्याचा हा फायदा. नुसतं म्हणाल्या, "सुई नाही धरता यायची इतक्यात. पण धागा धरता येईल. ये, शिकवते. आणि हसू नकोस, मीही हसणार नाही." दुसरं वचन त्यांनी पाळलं नाही.

क्रोशाचं गणित वेगळं. आकडीची सुई उजव्या हातात, डाव्याने फक्त धागा आणि चिमूटभर काम सांभाळायचं. वजन असं काही नाहीच. "एका वेळी एकच टाका उघडा असतो," वन्सं सांगत होत्या. "तो पुरा करायचा, बंद करायचा, पुढे जायचं. तुझ्यासारखा सगळा संसार सुईवर टांगून ठेवायचा नाही." साखळी शिकले, मुका खांब म्हणजे आखूड टाका शिकले, खांब म्हणजे उंच टाका शिकले. बोलण्याची आवड असलेल्या बाईला मुके खांब घालायला लावले, हा वन्संचा आवडता विनोद. तो त्यांनी इतक्या वेळा केला की शेवटी मीच आधी म्हणायला लागले.

सरावासाठी जुन्या लाल लोकरीचा मफलर विणायला घेतला. हात जरा बसला, वेग आला, आणि एकदम तो जुना आनंद तळव्यात परत आल्यासारखा झाला. टकटक नव्हती, त्याऐवजी धागा ओढल्याचा बारीक सर्र आवाज होता. मी मान वर न करता विणत गेले. मग एकदा मफलर गुडघ्यांवर पसरला, तर काय! खाली चांगला दीड वीत रुंद आणि वर जाता जाता निमुळता, निमुळता, टोकाला चार बोटं.

वन्संनी चष्मा लावून तो दोन्ही हातांनी उंच धरला. "हा मफलर नव्हे, हा झेंडा आहे. कुठल्या देशाचा गं?"

"तुमची आकडी वाकडी आहे," मी म्हटलं.

"नाचता येईना, अंगण वाकडं! टाके मोजलेस का?"

टाके मोजायचे? दोन सुयांवर विणणारी बाई साध्या विणीला टाके मोजत नाही. टाका कुठे जाईल? सुईवरच असतो, पडला तर भोक दिसतं. पण क्रोशात ओळीच्या टोकाला वळताना तीन साखळ्या घालतात आणि त्या तीन साखळ्या मिळून एक खांब धरतात. परत येताना त्यांच्या माथ्यावर शेवटचा खांब घालायचा असतो. मी त्यांना नुसत्या वळणाच्या साखळ्या समजून सोडून देत होते. प्रत्येक ओळीला एक टाका हळूच मागे राहत होता, भोक नाही, खूण नाही, आणि मी आपली खुशीत पुढे.

मला इतका राग आला की मी आकडी भिरकावली. ती वन्संच्या कपाटाखाली गेली. मग वर जाऊन माझी लांब सुई आणली, गुडघ्यांवर बसले आणि आकडी बाहेर ओढली. दोन सुयांचा त्या दिवशी तेवढाच उपयोग झाला. वन्सं हसून हसून खोकायला लागल्या आणि मीही हसले. मग लाल झेंडा सगळा उसवला आणि पहिल्यापासून घातला, या वेळी प्रत्येक ओळीच्या टोकाला वळणाच्या साखळीवर बोट टेकवून.

दुसरा मफलर सरळ झाला. वन्संनी तो टोकापासून टोकापर्यंत तपासला, आणि "ठीक" म्हणाल्या. मेट्रनबाईंचं ठीक म्हणजे काय, ते त्यांच्या हाताखालच्या नर्सना विचारावं. मग म्हणाल्या, "आता ती निळी उसव. सगळी क्रोशाने कर, एकसारखी होईल."

"उसवणार नाही."

"मग?"

"सुईवरचे टाके आकडीने उचलणार आणि तिथून पुढे क्रोशा."

"वेडी आहेस का? दोन वेगळ्या विणी. मधोमध रेघ दिसेल."

"दिसू दे."

"क्रोशा जाड येतो. वरची बाजू जड होईल."

"सैल घालीन."

"सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ते तुझ्याकडे बघून," वन्सं म्हणाल्या. "अगं, उसवायला काय झालं? लोकर तर तीच आहे."

लोकर तीच होती, पण हात तोच नव्हता. ती अर्धी शाल माझ्या दोन धड हातांनी विणलेली होती. खारूने मागितल्याच्या आनंदात घातलेले टाके होते ते, सैल, एकसारखे, एकही घट्ट नाही. ते हात मला परत मिळतील की नाही, कुणी सांगू शकत नव्हतं. एक्स-रेवाल्यांनाही सांगता आलं नसतं. ते टाके मी उसवणार नव्हते. मी वन्संना हे सगळं असंच सांगितलं. त्या उठल्या, खिडकीजवळ दोन खुर्च्या समोरासमोर ठेवल्या आणि म्हणाल्या, "आण इकडे. डावी सुई मी धरते."

आम्ही गुडघ्याला गुडघा लावून बसलो. निळी शाल आमच्या दोघींच्या मांड्यांवर. मी आकडीने एकेक टाका सुईवरून उचलायचा, पुरा करायचा, बंद करायचा. वन्संचा हात बारीक कापत होता. "जन्मभर लोकांना सुया टोचल्या," त्या कुजबुजल्या, "कधी हात हलला नाही. आणि ही मेली बोथट सुई." मी म्हटलं, "बोलू नका, श्वास घ्या." बरीच वाट सरली आणि एक टाका सटकला. सुटलेला टाका थांबत नाही, खालच्या ओळींतून शिडी करत उतरत जातो. वन्संच्या तोंडून "अगं बाई!" निघालं. मी आकडी खाली घातली, टाका पकडला आणि एकेक पायरी करत वर चढवला. सुटलेला टाका वर आणायला क्रोशाची आकडीच लागते, हे प्रत्येक सुईवालीला माहीत असतं. माझ्याही पेटीच्या तळाशी एक आकडी पहिल्यापासून होती. इतक्या वर्षांत मी ती वन्संना दिसू दिली नव्हती, एवढंच.

शेवटचा टाका उचलला आणि वन्संच्या हातात रिकामी सुई राहिली. त्यांनी ती टेबलावर ठेवली आणि कपाळाचा घाम पुसला. म्हणाल्या, "चहा तू कर. माझे हात गेले."

मग दिवसच्या दिवस मी त्या शालीवर होते. थोडं विणायचं, मनगट कोमट पाण्यात धरायचं, पुन्हा विणायचं. हे शेजारी बसून लडी सोडवून गुंडे करून देत. रविवारी शाल उशीखाली जाई, कारण खारूने पाहिली असती तर हाताला त्रास देते म्हणून ओरडली असती. दर रविवारी मी विचारायची, "काय म्हणते तुझी तपकिरी?" "चांगली आहे," ती म्हणायची. "ऊब देते का?" "देते की." "गोंडे आहेत?" "अं? हो, आहेत." मला वाटलंच होतं, गोंडे असणार. मी रागारागाने आणखी एक ओळ घालायची, मग ती घट्ट झालेली दिसायची, मग उसवून सैल घालायची. विकतच्या शालीपायी माझ्या कितीतरी ओळी दोनदा झाल्या.

शाल पूर्ण झाली तेव्हा पलंगावर पसरली. वन्सं, हे आणि मी तिघं उभे राहून बघत होतो. रेघ दिसत होती. एका बाजूला माझी जुनी गुळगुळीत वीण, दुसऱ्या बाजूला खांबांच्या रांगा, आणि मधोमध जोड. हे म्हणाले, "मला तर नकाशावरच्या नदीसारखी वाटते." वन्संनी टोक हातात घेऊन म्हटलं, "ठीक." मग पुन्हा एकदा म्हणाल्या, "ठीक आहे."

रविवारपर्यंत थांबायला माझी तयारी नव्हती. आणि खरं सांगायचं तर मला त्या तपकिरीला समोरासमोर बघायचं होतं. मी शाल पिशवीत घातली आणि एकटी बसने खारूच्या ऑफिसात गेले. लिफ्टने वर गेले, काचेचं दार, आत लांबच लांब टेबलं, प्रत्येकावर कॉम्प्युटरचे दोन-दोन पडदे आणि गुंडाळलेले कागद. सगळे जण हळू आवाजात बोलत होते. गारठा तर असा की फळं ठेवली असती तर महिनाभर टिकली असती. दारावरच्या मुलीने खारूचं टेबल दाखवलं. "मीटिंगमध्ये आहे, येईलच. बसा ना काकू."

टेबलाच्या बरोबर वर एसीची झडप होती आणि तिच्यावर कुणीतरी चिकटपट्टीने पुठ्ठा लावला होता. अर्धा सुटून लोंबत होता आणि वारा त्याच्या कडेने खाली येत होता. मी खुर्चीची पाठ पाहिली. काही नव्हतं. टेबलाखाली पाहिलं, खुंटीवर पाहिलं. शेजारच्या टेबलावर खारूच्याच वयाची एक मुलगी काम करत होती. तिला विचारलं, "अगं, हिची शाल कुठे असते?"

"कुठली शाल, काकू?"

"तपकिरी. विकत घेतलेली. गोंड्यांची."

ती हसली. "तिच्याकडे कुठली आलीये शाल! दिवसभर कुडकुडत बसते. आम्ही सांगून सांगून थकलो, घे एखादी विकत. तर म्हणते, नको, माझी आई विणतेय."

मी खारूच्या खुर्चीवर बसले. वरून गार वारा मानेवर आला, खांद्यांवर आला, पाठीत उतरला. इतके दिवस मी ज्या शालीशी भांडत होते ती नव्हतीच. मला सुया खाली ठेवता याव्यात, मनाला लागू नये, म्हणून माझ्या लेकीने ती बनवली होती, रंगासकट आणि गोंड्यांसकट. आणि स्वतः या वाऱ्याखाली माझ्या शालीची वाट बघत बसली होती. मला तिचा राग आला, आणि तिला पोटाशी धरावंसं वाटलं, दोन्ही एकदम.

"आई? तू इथे कशी?" खारू हातात कागद घेऊन उभी होती.

"तुझी तपकिरी बघायला आले."

तिने शेजारणीकडे पाहिलं. शेजारीण एकाएकी फारच कामात गढली.

"तू हात दुखवून घेत होतीस," खारू म्हणाली. "मला दुसरं काही सुचलं नाही."

"आणि या ऑफिसातल्यांना काय सांगितलंस?"

"यांना खरं तेच सांगितलं."

"मी विणतेय हे तुला काय माहीत?"

"दर रविवारी तुझ्या बाहीला निळं तूस असायचं, आई."

मी पिशवीतून शाल काढली आणि तिच्या खांद्यांवर टाकली. तिने ती गळ्याशी ओढली, गाल घासला. टोचते म्हणाली नाही. मग तिचा हात मधल्या जोडावर गेला. आराखडे काढणारी मुलगी, रेघ तिच्या बोटातून सुटणार नव्हती. "हे इथे काय झालं?"

"इथे मी पडले."

ती बोट त्या रेघेवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवत राहिली आणि डोळे भरून आले. मी म्हटलं, "शालीने नाक पुसू नकोस, लोकर आटते. आणि ही जाड बाजू वर घे, वारा वरून येतो." तिने निमूटपणे शाल फिरवून जाड बाजू वर घेतली.

"तो पुठ्ठा काढून टाक आता," मी म्हटलं. "अर्धा लोंबतोय, वाईट दिसतं. थांब, मीच काढते."

"आई! तू कशावरही चढायचं नाहीस!" ती इतक्या जोरात ओरडली की लांबच्या टेबलांवरची माणसं वळून बघायला लागली. चपला काढून ती स्वतःच खुर्चीवर चढली, निळी शाल तशीच खांद्यांवर. खुर्ची चाकांची होती, सरकायला लागली. तिने पुठ्ठा ओढून काढला आणि गार वारा भसकन खाली आला. मी खुर्ची धरून उभी होते, दोन्ही हातांनी.